इथली आगोट उन्हाळ्याआधी

कोकणातल्या आमच्या घरी मे महिना म्हणजे आगोटीची धावपळ. कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, लाकडं पडवीत रचायची, मसाले-पापड-सुकी मासळी डब्यांत भरायची. मृगाची पहिली सर यायच्या आत घर तयार हवं, कारण मग चार महिने बाहेरची कामं होत नाहीत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या कॅसलमेनजवळ आम्ही घर घेतलं, तेव्हा ही सवय अंगात होती आणि पावसाळा कधी येतो याचीच मी चौकशी करत राहिले. इथली आगोट उन्हाळ्याआधी असते. घर राखायचं ते आगीपासून, आणि त्याची कामं दसऱ्याच्या आत उरकायची.

कॅसलमेन मेलबर्नच्या वायव्येला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तिथून पुढे बेंडिगो शहरापर्यंतचा सगळा पट्टा जुन्या सोन्याच्या खाणींचा, गम ट्रींचा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट निलगिरी म्हणतो त्या झाडांचा. मेलबर्नची टार्नेट, पॉइंट कुकसारखी उपनगरं सोडून पाच-दहा एकरांवर राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला वारंवार तेच प्रश्न येतात, म्हणून हे क्रमानं लिहून काढते आहे. इतर राज्यांत नियम थोडे वेगळे असतील, पण कामांचा क्रम साधारण हाच.

सुरुवातीलाच एक करा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगा आणि त्यावर इथले मोसम लिहा. साप बाहेर असतात ते गणपतीपासून गुढीपाडव्यापर्यंत. मॅगपाय पक्षी अंगावर येतात ते गणपती ते दसरा. वणव्याचा काळ साधारण दिवाळीपासून होळीच्या पुढे पाडव्यापर्यंत, कधी अक्षय्य तृतीयेपर्यंत. दहिवर म्हणजे फ्रॉस्ट अक्षय्य तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत. आपलं पंचांग चंद्राचं आहे, अधिक मासात महिनाभर इकडेतिकडे होईल, पण सणांना जोडलेलं काम विसरलं जात नाही.

पहिल्या दिवशी: पत्ता, फोन, दिशा

गेटवरचा आकडा समजून घ्या. खेड्यात घरांचे नंबर एकापुढे एक नसतात. रस्ता जिथून सुरू होतो तिथून दर दहा मीटरला एक आकडा धरतात. ४५२ नंबरचं घर म्हणजे सुरुवातीपासून सुमारे साडेचार किलोमीटर, आणि आकडा सम म्हणून उजव्या हाताला. रात्री अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला याच आकड्यावर घर सापडतं, म्हणून तो चमकत्या अक्षरांत, गवतात झाकला जाणार नाही असा लावा. आमच्या गेटवरचा आकडा झुडपात बुडाला होता, तो मी राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाहिला.

आणीबाणीचा नंबर ०००. घराभोवती फिरून मोबाइलला रेंज कुठे मिळते ते शोधा आणि घरातल्या प्रत्येकाला ती जागा दाखवा. वीज गेली की इंटरनेटही जातं आणि त्यावर चालणारा घरचा फोनही, हे लक्षात ठेवा. ‘इमर्जन्सी प्लस’ हे अ‍ॅप फोनवर घ्या. तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यात दिसतं आणि माळरानात उभं राहून ते वाचून दाखवता येतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च व्हिक्टोरियात मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत, येत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची कुटुंबाची वार्षिक सभासदी पहिल्याच आठवड्यात घ्या. शहरात हे पुढे ढकललं तरी निभावून जातं. इथं हॉस्पिटल लांब असतं.

दिशांचं थोडं. सूर्य पूर्वेलाच उगवतो, पण दुपारी तो उत्तरेकडे असतो. थंडीत ऊन घरात येतं ते उत्तरेच्या खिडक्यांतून. घर बघताना वास्तुशास्त्राचं पुस्तक उघडणारे बरेच जण मी पाहिले. माझं म्हणणं एवढंच, की बसायची खोली उत्तरेला आहे का ते आधी बघा, नाहीतर जुलैमध्ये लाकडं दुप्पट जाळावी लागतील. रात्री ध्रुवतारा दिसणार नाही. त्याऐवजी दक्षिणेला त्रिशंकू आहे, आणि उन्हाळ्यात अगस्तीचा तारा जवळजवळ डोक्यावर येतो. कोकणात तो क्षितिजापासून हातभर वर दिसायचा. इथं पहिल्यांदा तो मान वर करून पाहिला तेव्हा आपण किती लांब आलो ते खऱ्या अर्थानं कळलं.

पहिल्या महिन्यात: पाण्याचा हिशेब

गावाबाहेरच्या बहुतेक घरांना नळाचं पाणी नाही. छपरावर पडतं ते पन्हळीतून टाकीत येतं, तेच प्यायचं, तेच वापरायचं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छप्पर २०० चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर एक लाख लिटर. त्यातलं काही उडतं, काही पन्हळीवरून सांडतं. चार माणसांनी शहरासारखं माणशी दीडशे लिटर रोज वापरलं तर वर्षाला लागतात २ लाख १९ हजार. म्हणजे टाकी कितीही मोठी बांधली तरी पुरणार नाही, कारण तेवढं पाणी छपरावर पडतच नाही. माणशी साठ लिटरवर आलात तर ८७,६०० लागतात आणि वर्ष निघतं.

साठ लिटर कमी वाटतात, पण आपल्याला त्याची सवय आहे. बादलीत अंघोळ करा. शॉवर मिनिटाला नऊ लिटर घेतो, बादली वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ करते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. कमी पाणी घेणारं वॉशिंग मशीन घ्या. हे माझ्या आजीचंच घर चालवणं आहे, इथं त्याची पुन्हा गरज पडली.

टाकीत किती पाणी आहे ते दर रविवारी बघा. पत्र्याच्या टाकीवर वरून खाली बोटांनी वाजवत या. पोकळ आवाज बदलून भरीव होतो तिथपर्यंत पाणी. पाऊण टाकी रिकामी व्हायची वाट न बघता टँकरला फोन करा. जानेवारीत सगळ्यांनाच टँकर हवा असतो आणि आठवडा-आठवडा नंबर लागत नाही.

पाणी चांगलं राहायला तीन गोष्टी लागतात. पन्हळीत पाला साचू देऊ नका. पहिल्या पावसाचं धुऊन आलेलं पाणी बाहेर सोडणारा पाइप बसवून घ्या आणि तो अधूनमधून मोकळा करा. टाकीची सगळी तोंडं बारीक जाळीनं बंद ठेवा, नाहीतर डास आणि बेडूक आत जातात. जवळपास वणवा लागला असेल तर पाऊस येण्याआधी टाकीकडे जाणारे पाइप सोडवून ठेवा. छपरावरची राख टाकीत गेली की ते पाणी प्यायच्या कामाचं राहत नाही.

इथं ‘डॅम’ म्हणतात ते आपलं शेततळं. ते पाणी झाडांना, जनावरांना आणि आग विझवायला. प्यायला नाही. लहान मुलं असतील तर त्याला कुंपण घाला.

सांडपाण्याची टाकी म्हणजे सेप्टिक जिवंत जंतूंवर चालते. ब्लीच आणि जंतुनाशकं ओतलीत की ते मरतात. फोडणीचं, तळणीचं तेल सिंकमध्ये अजिबात घालू नका. आपल्या घरांत सेप्टिक तुंबण्याचं मोठं कारण तेच. डब्यात भरून, गोठवून कचऱ्यात टाका. दर तीन-पाच वर्षांनी टाकी उपसून घ्या. तिच्यावरून गाडी नेऊ नका.

दसऱ्याआधी: आगोट

आता मुख्य काम. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला आणि राज्यात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळाली. त्या दिवशी आग बेंडिगोच्या पश्चिम कडेच्या वस्तीतही शिरली होती. म्हणजे ही फक्त दूरच्या जंगलातली गोष्ट नाही. इथले शेजारी त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाहीत, पण त्यांच्या पन्हळी नोव्हेंबरात स्वच्छ असतात. त्यांच्याकडे बघूनच मी हे शिकले.

घरं बहुतेक वेळा आगीच्या भिंतीनं जळत नाहीत. वाऱ्यावर आधी निखारे येतात, कधी आगीच्या किलोमीटरभर पुढे. ते पन्हळीतल्या पाल्यात, व्हरांड्याच्या फळ्यांखाली, दाराशी ठेवलेल्या काथ्याच्या पायपुसण्यात पडतात आणि घर पेट घेतं. म्हणून कामं अशी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पन्हळी साफ करा आणि उन्हाळाभर करत राहा, गम ट्री पानं टाकते ती उन्हाळ्यातच. घराभोवतीचं गवत दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा. लाकडांची रास घराला लागून नको. खिडकीखालची झुडपं काढा. फरशीखालच्या फटी बारीक धातूच्या जाळीनं बंद करा. गॅसच्या सिलिंडरची झडप घराच्या उलट दिशेला वळलेली असावी. गवत कापण्याचं यंत्र कडक उन्हात, वाऱ्यात चालवू नका. दगडावर पातं आपटून उडालेल्या ठिणगीनं पॅडॉक, म्हणजे कुंपणातली कुरणं, पेटतात.

वीज गेली की विजेचा पंप बंद, आणि आगीत वीज आधी जाते. म्हणून पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणारा पंप हवा, आणि तो दर महिन्याला सुरू करून बघायला हवा. उन्हाळ्यात टाकीतलं काही पाणी आगीसाठी राखून ठेवा. अग्निशमन दलाच्या गाडीचा पाइप जोडता येईल असं तोंड टाकीला आहे का ते बघून घ्या.

मग माहितीची बाजू. अग्निशमन दल इथं सीएफए, म्हणजे कंट्री फायर अथॉरिटी. उन्हाळ्याआधी ते प्रत्येक नगरपालिका हद्दीसाठी वणव्याचा काळ जाहीर करतात. तो ऑक्टोबरातही सुरू होऊ शकतो आणि मेपर्यंत लांबू शकतो. त्या काळात परवान्याशिवाय पालापाचोळा जाळायचा नाही. रोजच्या धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. सप्टेंबर २०२२ पासून देशभर हीच नावं आहेत. फोनवर ‘व्हिकइमर्जन्सी’ अ‍ॅप घ्या, त्यात आपल्या घराभोवती वर्तुळ आखून ठेवा. हॉटलाइनचा नंबर १८०० २२६ २२६. आणि सेलवर चालणारा एक रेडिओ घ्या. मोबाइलचा टॉवर पडला तरी एबीसीचा, म्हणजे इथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा, स्थानिक रेडिओ इशारे सांगत राहतो.

कॅटास्ट्रॉफिक जाहीर झालं की निघायचं. आदल्या रात्री, नाहीतर पहाटे. धूर दिसल्यावर निघणं म्हणजे उशीर झाला, कारण मग रस्त्यात दिसत नाही, झाडं आडवी पडलेली असतात. आमच्या घरी एक्स्ट्रीमलाही मुलं आणि सासूबाई बेंडिगोला जातात. कोणाकडे जायचं, कुठल्या रस्त्यानं, तो बंद असेल तर दुसरा कुठला, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. वणव्याच्या दिवसांत आधी उत्तरेकडून भट्टीसारखा वारा येतो, मग संध्याकाळकडे तो अचानक नैर्ऋत्येकडून फिरतो. तो फिरला की आगीची लांब कडच तोंड बनून पुढे सरकते. त्यामुळे सकाळी आग ‘आपल्याकडे येत नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. गावात ‘शेवटचा आसरा’ म्हणून ठरवलेली जागा असते, बहुधा मैदान किंवा इमारत. तिथं सुरक्षेची हमी नसते, खाण्यापिण्याची सोय नसते. दुसरं काहीच उरलं नाही तरच तिथं जायचं.

पिशवी दिवाळीतच भरून ठेवा: पासपोर्ट, व्हिसाचे आणि घराचे कागद, औषधं, चष्मा, पाणी, माणशी एक लोकरीचं कांबळं. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरी कपडे, पायांत कातडी बूट. नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा कुर्ता अंगावर वितळतो. आगीची नुसती धगही जीव घेते, म्हणून अंग झाकणं महत्त्वाचं.

‘टोटल फायर बॅन’चा दिवस म्हणजे उघड्यावर आग पूर्ण बंद. ग्राइंडर आणि वेल्डिंगही नाही. घराजवळ गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीवर रांधता येतं, पण भोवती तीन मीटर जागा मोकळी हवी, पाण्याचा पाइप किंवा किमान दहा लिटर पाणी हाताशी हवं आणि मोठं माणूस तिथं उभं हवं. आपले सण नेमके इथंच अडतात, म्हणून स्पष्ट लिहिते. फटाके व्हिक्टोरियात परवान्याशिवाय विकत घेणं, बाळगणं आणि उडवणं बेकायदा आहे, दिवाळीलासुद्धा. होळी येते मार्चमध्ये, तेव्हा बंदीचा काळ बहुधा चालूच असतो, होळी पेटवायची नाही. आम्ही पाटावर पणती ठेवून घरातच पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. संक्रांत भर उन्हाळ्यात येते. तिळगूळ वाटायला शेजाऱ्यांकडे जाते तेव्हा प्रत्येकाचा पंप चालू आहे ना, हेही विचारून घेते. अंगणात पणत्या लावायच्या तर दिवस बघून, काचेच्या आत, फरशीवर.

गणपतीपासून: साप

भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोन-तीनच्या घरात असतो. साप विषारी नाहीत म्हणून नव्हे. माणसं बूट घालतात, पलंगावर झोपतात, उपचार लगेच मिळतात म्हणून. घोणस-फुरशाच्या कुळातला साप इथं नाहीच. इथले जहाल साप नाग-मण्याराच्या कुळातले. आमच्या भागात दोन ओळखायचे: ईस्टर्न ब्राउन, सुक्या माळावरचा, दिवसा फिरणारा, चपळ, आणि टायगर स्नेक, पाण्याकाठचा, बेडकांमागे येणारा.

साप दिसला तर थांबा, मागे सरका, कुत्र्याला आत घ्या. मारायला जाऊ नका. तो कायद्यानं संरक्षित आहे, आणि बरेच दंश साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच होतात. घराजवळ सारखा येत असेल तर परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवा. सापाला बोलावणारी गोष्ट म्हणजे उंदीर. कोंबड्यांचं खाद्य पत्र्याच्या बंद पिंपात ठेवा, पत्रे आणि फळ्या अंगणात पडू देऊ नका. लाकूड उचलताना हातमोजे, गवतात जाताना लांब बूट.

दंश झाला तर पुढचं पाठ करा, कारण आपल्याकडे शिकवतात त्याहून हे वेगळं आहे. भारतात घट्ट पट्टी बांधू नका असं सांगतात, कारण घोणस-फुरशाच्या विषानं तो भाग आधीच सडत असतो. इथल्या सापांचं विष लसिकेच्या वाहिन्यांतून पसरतं, पट्टीनं ते रोखता येतं. ताणणारी रुंद पट्टी आधी दंशावर बांधा, मग बोटांपासून सुरू करून वरपर्यंत पूर्ण हात किंवा पाय गुंडाळा, मुरगळलेल्या पायाला बांधतो तेवढी घट्ट. दंशाच्या जागी पेनानं खूण करा. काठी लावून अवयव हलणार नाही असा करा. माणसाला आडवं ठेवा, चालू देऊ नका, ००० ला फोन करा. जखम धुवायची नाही, चिरायची नाही, चोखायची नाही. दंशाची जागा कधी नुसती ओरखड्यासारखी दिसते आणि दुखतही नाही, म्हणून ‘बघू या’ म्हणू नका. अशा तीन-चार पट्ट्या घरात, तितक्याच गाडीत. सुट्टीच्या दिवशी एकमेकांना बांधून बघा. आमची धाकटी आता माझ्यापेक्षा नीट बांधते.

रेडबॅक कोळी, काळा आणि पाठीवर लाल पट्टा, बाहेरच्या खुर्चीखाली, जुन्या बुटात, कुंडीच्या कडेखाली सापडतो. तो चावला तर पट्टी नाही बांधायची, बर्फ लावून डॉक्टरकडे जायचं. त्याचं प्रतिविष १९५६ पासून आहे. हातभर मोठा वाटणारा हंट्समन कोळी भिंतीवर दिसेल. तो झुरळं खातो, राहू द्या.

रस्ता

कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात. खेड्यातल्या रस्त्यांवर वेगळी पाटी नसेल तिथं मर्यादा ताशी १०० किलोमीटर, पण तिन्हीसांजेला सत्तरच्या वर जाऊ नका. एक उडी मारून गेला की मागून दुसरा येतो. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक मारा. त्याला चुकवायला गाडी वळवली की ती झाडावर जाते, आणि गम ट्री गाडीपेक्षा मजबूत असते. खडीच्या रस्त्यावर तर अचानक ब्रेकही नको.

धडक बसून मादी मेली असेल तर गाडी सुरक्षित जागी लावून तिची पिशवी बघा, पिल्लू जिवंत असू शकतं. ते सडाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. वाइल्डलाइफ व्हिक्टोरियाला फोन करा, ते जवळच्या स्वयंसेवकाला पाठवतात. मला हे दोनदा करावं लागलं. दुसऱ्या वेळचं पिल्लू उशीच्या अभ्र्यात घालून, छातीशी धरून तासभर बसले होते.

अंगण आणि त्यातली माणसं-पाखरं

पहिल्या हिवाळ्यात, साप झोपलेले आणि गवत कमी असताना, आपली सगळी जमीन पायी फिरा. १८५१ मध्ये इथं सोनं सापडलं आणि हजारो माणसांनी जमीन पोखरली. जुन्या विहिरीसारख्या खाणी अजून उघड्या आहेत, काहींवर नुसता कुजका पाला. सापडेल तिथं खूण करा, कुंपण घाला, मुलांना दाखवा. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांत आर्सेनिक असतं, तिथं भाजी लावू नका. मातीची तपासणी करून घ्या, नाहीतर उंच वाफे बांधून विकतची माती घाला.

सोन्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन जा जा वुरुंग लोकांची आहे. २०१३ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याशी करार करून ते औपचारिकपणे मान्य केलं. साल काढल्याच्या जुन्या खुणा असलेली झाडं, खडकातली पाण्याची टाकी जमिनीवर सापडली तर हात लावू नका. कायद्यानंही ती जपलेली आहेत.

मोठ्या गम ट्रीखाली गाडी लावू नका, मुलांचा झोपाळा बांधू नका. वारा नसलेल्या तापलेल्या दुपारी जाड फांदी कसलीही सूचना न देता कोसळते. पण म्हातारी झाडं तोडू नका. खोडात ढोली पडायला शंभर वर्षांहून जास्त लागतात, आणि पोपट, घुबडं, पोसम, टुआन नावाचा झुपकेदार शेपटीचा चिमुकला प्राणी, सगळ्यांची घरं त्यातच असतात.

झाडांत आपल्या ओळखीची दोन आहेत. कोकणात आणि गोव्यात ज्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात तिच्या बहिणी, म्हणजे वॅटल, इथं गणपतीच्या सुमारास पिवळ्याधमक होतात. गोल्डन वॅटल हे राष्ट्रीय फूल, १ सप्टेंबर हा त्याचा दिवस. आणि किनाऱ्यावरच्या सुरूचा भाऊ शीओक. टेकडीवर त्याचं बन आहे, त्यातून वारा गेला की तो तोच सूं आवाज करतो. डोळे मिटले की मी घरी असते.

मॅगपाय आपल्या कोतवालासारखा घरटं राखणारा आहे. पिल्लं असतात ते पाच-सहा आठवडे काही नर डोक्यावर झेप घेतात, बाकीचे काहीच करत नाहीत. टोपी घाला, सायकलवरून उतरून चाला, ती वाट काही दिवस सोडा. त्याला दगड मारू नका. तो चेहरे लक्षात ठेवतो, आणि वर्षाचे उरलेले दहा महिने पहाटे त्याच्याइतकं गोड कोणी गात नाही. पाखरांना पोळी, भात, खिमा घालू नका. पाण्याचं उथळ भांडं ठेवा, त्यात एक दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत.

कोंबड्या पाळाल तर सूर्य मावळताना कोल्ह्यापासून बंद करायच्या, एकही संध्याकाळ चुकवून चालत नाही. मांजर रात्री घरात. गोर्स, ब्लॅकबेरी आणि माल्डनकडे फड्या निवडुंगाच्या जातीचा व्हील कॅक्टस ही तणं आपल्या जमिनीवर असतील तर ती काढणं मालकाची जबाबदारी असते.

भाजीचं थोडक्यात. टोमॅटो, मिरची, भेंडी बाहेर लावायची ती मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी. त्याआधी दहिवर पडून रोपं काळी पडतात. मेथी-कोथिंबीर एप्रिलात पेरा, उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते. कढीपत्ता कुंडीतच, थंडीत घरात. आईनं पुरचुंडीत दिलेलं बी विमानातून आणू नका, पोस्टानं मागवू नका. इथल्या जैवसुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही आणि दंड मोठा आहे.

थंडीची लाकडंसुद्धा एक ऋतू आधी. ओलं लाकूड धूर करतं आणि धुरांडं काजळीनं भरतं. फोडून वर्षभर वाळलेलं हवं, ते उन्हाळ्यातच घेऊन ठेवा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, निखारा त्यात दिवस-दोन दिवस धुगधुगत राहतो.

शेजार

समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. तुम्हीही करा, ओळख असो नसो. गेट उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा, कारण त्यामागे कोणाची तरी मेंढरं आहेत. कार्यक्रमाच्या निमंत्रणात ‘ब्रिंग अ प्लेट’ लिहिलेलं असेल तर भरलेलं ताट न्यायचं. कोथिंबीर वडी दहा मिनिटांत संपते, हा अनुभव. कंट्री विमेन्स असोसिएशनच्या बायका व्हिक्टोरियात १९२८ पासून एकत्र येतात, चहाला जा.

आणि सीएफएच्या स्थानिक ब्रिगेडमध्ये जा. आगीच्या गाडीवर चढणारे बहुतेक जण पगारी नाहीत. तो तुमचा सुतार असतो, शाळेतली बाई असते. आगीशी लढणंच भाग नाही, रेडिओवर बसायला, हिशेब ठेवायला, डबे करायलाही माणसं लागतात. मी मंगळवारी संध्याकाळी जाते. पाइप गुंडाळायला शिकले, आणि त्याच टेबलावर कुठल्या घरात एकटी म्हातारी बाई राहते, कोणाचा पंप बिघडलाय, कुणाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे कळलं. आमच्या घराची एक किल्ली पलीकडच्या घरी आहे, त्यांची आमच्याकडे. आम्ही जानेवारीत भारतात गेलो की त्या घरचे आजोबा कोंबड्या बंद करतात आणि महिन्यातून एकदा आमचा पंप सुरू करून बघतात.